आठवी रेघ

मी एक जुना दगड आहे. नेमकं सांगायचं तर हातजात्याचा वरचा दगड. रुंदी दोन वितींहून थोडी कमी, मधोमध धान्य घालायचं तोंड, काठाशी खुंट्याचं भोक आणि बाहेरच्या कडेवर छिन्नीने ओढलेल्या उभ्या रेघा. त्या रेघांची संख्या पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो. त्या आठ होत्या.

मित्रांनो, मी दमलो आहे. दगड दमतो यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण अठराशे वर्षांत इतक्या जणांच्या कामी आल्यावर तुम्हीही दमाल.

माझा जन्म ऱ्हाईन नदीजवळच्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या खाणीत झाला. मी काळा आहे आणि माझ्या अंगभर बारीक छिद्रं आहेत. त्या छिद्रांच्या कडा धान्याला चावतात, म्हणून रोमन सैन्यात माझ्यासारख्या दगडांना मान होता. खाणीतल्या एका माणसाने मला गोल केलं, पोटाला चर पाडले, आणि नावेतून, मग खेचराच्या पाठीवरून मी उत्तर इंग्लंडच्या माळावर ब्रॅकनरिगच्या किल्ल्यात पोहोचलो. तिथे वारा कधी पडत नाही. अजूनही पडत नाही.

किल्ल्यात एका खोलीत आठ सैनिक राहत आणि आठ जणांत एक जातं असे. गहू कोठारातून मिळे, पण दळायचा ज्याने त्याने. आमच्या खोलीत दळण्याची पाळी फाशांवर ठरे.

"आज कोण दळणार?" मान्सुएतुस नावाचा थोराड सैनिक रोज विचारायचा.

"काल हरला तो."

"काल मी हरलो, पण परवा जिंकलो होतो."

"मग परवाची भाकरी परवा खाल्लीस ना? आजची दळ."

सगळ्यांत जास्त हरायचा तो वात्तो. थंडीने त्याचे हात फुटलेले असत, तरी दळायचा. महिन्यातून एकदा तोच मला उलटा करून लोखंडी टाकीने, म्हणजे छोट्या छिन्नीने, माझे बुजलेले चर पुन्हा उघडायचा, मग तळवा फिरवून धार बघायचा. टाकी लावलेल्या दिवशी मी हलका फिरे आणि पीठ मऊ पडे. माझी इतकी काळजी त्याच्याआधी कुणी घेतली नव्हती आणि नंतरही घेतली नाही.

एकदा शेजारच्या खोलीतल्यांनी कुणालाही न विचारता मला उचलून नेलं. वात्तोने मला खांद्यावर घालून परत आणलं आणि त्याच दुपारी माझ्या कडेवर आठ रेघा ओढल्या, खोलीतल्या प्रत्येकाची एक. स्वतःची त्याने शेवटी ओढली. तोवर छिन्नी बोथट झाली होती. रेघ उथळ उतरली.

"तुझी दिसतसुद्धा नाही," मान्सुएतुस हसला.

"नसू दे. मी कुठं जाणारे?"

दोन वर्षांनी पलटणीला आणखी उत्तरेला जायचा हुकूम आला. निघताना माझा खालचा जोडीदार खेचरावरून पडून फुटला. एकट्या वरच्या दगडाचा उपयोग काय? मला खंदकात टाकलं. रांगेतून वात्तोने एकदा मागे वळून पाहिलं. माझ्याकडे की किल्ल्याकडे, ते मला कळलं नाही.

त्यानंतरची दीड हजार वर्षं मी मातीत होतो. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पुढे किल्ल्याचेच दगड उपसून टेलफर्ड नावाच्या कुटुंबाने तिथे शेतघर बांधलं. नांगराला मी लागलो. त्या घरात मी दोनशे वर्षं चीजच्या साच्यावरचं वजन होतो. दूध थिजायचं, मी वर बसायचो, पाणी निथळायचं. घरी चीज करणं बंद झालं तेव्हा माझी रवानगी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारापाशी झाली. दार वाऱ्याने उघडू नये एवढंच काम. खरं सांगू? ते काम मला आवडलं होतं.

किल्ल्याचं उत्खनन झालं, शेजारी छोटंसं संग्रहालय उभं राहिलं. शेतघराचा मालक नेड टेलफर्ड याने मला ढकलगाडीत घालून तिथे नेलं. त्या दिवशी माझा फोटो काढला गेला, माझ्यावर क्रमांक पडला. नेडने एकच अट घातली. "याला कामाला लावा. बसवून ठेवू नका. आमच्या घरात कुणी बसून राहिलेलं नाही."

तशी माझ्यासारखी जाती तिथल्या भांडारात खच्चून पडली होती, त्यामुळे अट मान्य करायला कुणाला जड गेलं नाही. माझ्याखाली दुसऱ्याच जात्याचा दगड ठेवला. त्याचं पोट वेगळं, माझं वेगळं. नवा लाकडी खुंटा बसवला. शाळांच्या सहलीतल्या मुलांनी मला फिरवून गहू दळायचा, असं ठरलं.

पुढच्याच हिवाळ्यात नेड वारला. शेत विकावं लागलं. त्याची बायको हेस्टर, वय पंच्याहत्तर, गावातल्या एका बैठ्या घरात राहायला गेली. ती आठवड्यातून तीन दिवस दोन बस बदलून दळणाच्या टेबलावर काम करायला येऊ लागली. पगार नव्हता, तिने मागितलाही नव्हता. टेबल खिडकीशी होतं. खिडकीतून सैनिकांच्या खोल्यांचे पाये दिसत आणि त्यांच्यापलीकडे तिच्या जुन्या घराचं धुराडं. त्या माळावर येण्याचं तिच्याकडे दुसरं काही कारण उरलं नव्हतं.

तीन वर्षं अशी गेली. मग मे महिन्यातला तो मंगळवार आला.

सकाळी संग्रहालयाची प्रमुख फिलिपा टेबलापाशी आली. ती चाळिशीची, नेहमी घाईत असणारी, मनाने चांगली बाई.

"हेस्टर, आज पार्गेटर येतायत. संग्रहालयांच्या मंडळाकडून वस्तूंची निगा तपासणारे. हे टेबल ठेवायचं की बंद करायचं, ते आज सांगणार."

"बंद? का म्हणून?"

"खऱ्या जुन्या वस्तूला मुलांनी हात लावावा का, हा प्रश्न आहे. मी तुमच्याच बाजूने बोलणार आहे. तुम्ही फक्त नेहमीसारखं दळून दाखवा."

"नेहमीसारखं," हेस्टर म्हणाली. तिने एप्रनची गाठ पुन्हा बांधली. मघाशीच बांधली होती, तरी.

नेहमीसारखं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. फिलिपा गेल्यावर हेस्टरने पिशवीतून एक कागदी पुडी काढली. तिच्यात दुकानातलं गव्हाचं पीठ होतं. अर्धा कप पीठ तिने माझ्याखालच्या तबकात पसरलं आणि वर चौकड्यांचा रुमाल टाकला.

याचं कारण माझ्याच पोटात होतं, मित्रांनो. वात्तो गेल्यापासून मला टाकी लागली नव्हती. माझे चर बुजून सपाट झाले होते. जुन्या वस्तूला हत्यार लावायचं नाही, हा संग्रहालयाचा नियम. त्यामुळे मुलांनी कितीही फिरवलं तरी गव्हाच्या दाण्याचे फार तर तीन तुकडे व्हायचे. पहिल्या वर्षी हेस्टरने मुलांचे पडलेले चेहरे आठवडाभर पाहिले. दुसऱ्या आठवड्यापासून ती पुडी आणू लागली. मुलं दळायची, ती रुमाल उचलायची, पीठ दिसायचं, मुलं ओरडायची. संध्याकाळी ती तबक मागच्या पायरीवर चिमण्यांपुढे झटकायची.

अकरा वाजता सव्वीस मुलं आली. तासभर किल्ल्यात हुंदडून त्यांचे बूट चिखलाने भरले होते. डोक्यात एकच विषय होता, सैनिकांचा सार्वजनिक संडास.

"डनिंग सर, खरंच मध्ये भिंत नव्हती?"

"नव्हती."

"मग शेजारच्याशी बोलायचे?"

"बोलत असतील."

"काय बोलायचे, सर?"

"तू आता बोलतोयस तेच," डनिंग सर म्हणाले. ते सकाळी सहापासून जागे होते आणि तसे दिसत होते.

त्यांच्यामागून पार्गेटर आले. उंच, सडपातळ, करडा कोट, हातात एक पातळ फाईल. ते दाराशी उभे राहिले.

हेस्टरने नेहमीची गोष्ट सांगितली. आठ माणसं, एक जातं. मग मुलं दोघं दोघं पुढे आली. एकाने खुंटा धरायचा, दुसऱ्याने कडेवर तळवे टेकून मला सावरायचं. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. दिवसाला पन्नास-साठ तळवे. मी फिरत होतो, खालच्या परक्या दगडावर घासत होतो. शेवटची जोडी झाल्यावर हेस्टरने रुमाल उचलला.

"बघा! झाली की नाही भाकरीची सोय?"

मुलं ओरडली. एक ओरडली नाही. लाल कानटोपीतली ती मुलगी पुढे आली, तिने चिमूटभर पीठ घेतलं, बोटांत चोळलं, वास घेतला आणि जिभेवर ठेवलं.

"हे यातलं नाही," ती म्हणाली.

"काय गं?" डनिंग सर म्हणाले. "ओर्ला, नीट बोल."

"नीटच बोलतेय, सर. आमची बेकरी आहे. हे दुकानातलं पीठ आहे. सगळं एकसारखं बारीक आहे. दगडावरच्या पिठात कोंड्याच्या पापड्या येतात, आणि ते गरम असतं. हे गार आहे."

"म्हणजे आजींनी जादू केली," कुणीतरी म्हणालं.

"जादू नाही, चीटिंग," दुसरी मुलगी म्हणाली.

फिलिपाने हेस्टरकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. हेस्टरला खोटं बोलता आलं असतं. नऊ वर्षांच्या मुलीला गप्प करणं अवघड नसतं. पण तिने पिशवीतून पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"बरोबर आहे पोरीचं," ती म्हणाली. "दगड बोथट झालाय. त्याच्याने दळवत नाही. तुम्ही एवढ्या लांबून येता, घाम गाळता आणि हाताला काही लागत नाही. मला ते बघवत नव्हतं. म्हणून घालत होते. किती वर्षं विचाराल, तर तीन."

"मग सांगायचं ना बोथट झालाय म्हणून," ओर्ला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"हो," हेस्टर म्हणाली. "सांगायला हवं होतं."

आता पार्गेटर पुढे झाले. मला वाटलं, पुडीवरून काही बोलतील. पुडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. तबक उचलून ते खिडकीशी गेले आणि त्यांनी बोटाने पीठ बाजूला सारलं. तळाशी काळी भुकटी होती.

"हे काय आहे, मिसेस टेलफर्ड?"

"कचरा. रोज पडतो. मी चिमण्यांना टाकते."

"हा कचरा नाही. हा दगड आहे."

त्यांनी फाईल उघडून तिच्यासमोर एक फोटो ठेवला. मी आलो त्या दिवशीचा. माझी कड त्यात स्वच्छ दिसत होती.

"कडेवरच्या रेघा मोजा."

"आठ," हेस्टर म्हणाली. "आठ जणांच्या आठ. मीच सांगते मुलांना."

"फोटोतल्या नाही. दगडावरच्या."

तिने चष्मा सारखा केला. वाकून एकेका रेघेवर बोट ठेवत ती मोजू लागली. मुलंही तिच्याबरोबर मोजू लागली. एक, दोन, तीन. सातनंतर तिचं बोट थांबलं. पुढची जागा गुळगुळीत होती. तिने मला फिरवून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा सात.

शेवटची, उथळ रेघ. मी कुठं जाणारे, म्हणाला होता तो.

मला ते आधीच ठाऊक होतं, मित्रांनो. मागच्या पावसाळी शरदापासून ती पुसत चालली होती, उरलासुरला माग आज सकाळी गेला. पण दगडाला सांगता येत नाही, आणि माणसं रोजच्या वस्तूकडे रोज बघतात म्हणूनच त्यांना दिसत नाही.

"मी झिजवला," हेस्टर म्हणाली.

"तळव्यांनी झिजवला. आणि खालच्या न जुळणाऱ्या दगडाने," पार्गेटर म्हणाले. "पण टेबल बंद करावं लागेल. आजच."

"नेडने सांगितलं होतं, बसवून ठेवू नका म्हणून."

"त्यांनी वापरा म्हटलं होतं. संपवा म्हटलं नव्हतं."

हेस्टरने एप्रन सोडला, घडी घातली, घडीवर घडी घातली, तो हाताच्या तळव्याएवढा होईपर्यंत. मग खिडकीतून त्या धुराड्याकडे पाहत उभी राहिली. दुपारची बस अडीचची होती. ती बसचाच विचार करत असावी, असं कुणालाही वाटलं असतं.

"मग नवीन दगड आणा ना," ओर्ला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"नवीन झिजला तर कुणाचं काय जातंय? आमच्या बेकरीत यंत्राची पाती बदलतात. बाबा म्हणतात, बदलली नाहीत तर माझी बोटं जातील."

"नव्या दगडालाही धार लावावी लागते," पार्गेटर म्हणाले. "दर महिन्याला, हाताने. हल्ली ते करणारं कुणी नाही."

"चाळीस वर्षं मेंढ्यांचे खूर कापलेत मी," हेस्टर खिडकीपासून वळून म्हणाली. "त्या लाथा मारायच्या. दगड काय मारणारे?"

पार्गेटर हसले नाहीत, पण त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. फिलिपाने ते वाकून वाचलं आणि तिचा चेहरा सैलावला.

मुलं निघाली तेव्हा ओर्ला मागे रेंगाळली. "आजी, त्या सैनिकांच्या भाकरीत पण हे काळं असायचं?"

"असणारच."

"मग त्यांचे दात?"

"झिजायचे."

"म्हणजे ते दगड झिजवायचे आणि दगड त्यांना," ती म्हणाली आणि बसच्या दिशेने पळाली.

त्या संध्याकाळी हेस्टरने तबक चिमण्यांपुढे झटकलं नाही. तिने आधी पीठ चाळून काढलं, मग पिसाने काळी भुकटी गोळा केली आणि जॅमच्या रिकाम्या बरणीत भरली. सगळी मिळून चमचाभरही भरली नाही. आधीची तीन वर्षं चिमण्यांच्या पोटात गेली होती.

मला काचेच्या कपाटात ठेवलं. माझ्या चिठ्ठीवर फिलिपाने लिहिलं, 'हातजात्याचा वरचा दगड, कडेवर आठ रेघा'. हेस्टरने हट्टाने खाली आणखी दोन ओळी घालायला लावल्या. नंतर चीजवरचं वजन. नंतर खुराड्याच्या दाराची अडण. बरणीही तिने माझ्या शेजारी ठेवायला लावली. पार्गेटरांनी पत्राने हरकत घेतली. फिलिपाने उत्तर लिहिलं, तीही त्याच वस्तूचा भाग आहे, क्रमांकही तोच आहे. पुन्हा पत्र आलं नाही.

त्यानंतर हिवाळा संपेपर्यंत टेबल रिकामं होतं. हेस्टर तरी यायची. घडीची खुर्ची टाकून माझ्या समोर बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला संडासाची वाट दाखवायची. वसंतात नवा दगड आला. करडा, जड, आवाजाने कर्कश. पहिल्यांदा टाकी लावताना तिने स्वतःचा अंगठा फोडून घेतला. दुसऱ्यांदा चर वाकडे पडले. तिसऱ्या महिन्यात तबकात खरं पीठ पडलं. जाडं, मळकट, कोंड्याच्या पापड्यांचं, आणि हाताला गरम. हेस्टर टाकी लावून झाली की तळवा फिरवून धार बघते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. ते पाहिलं की मला एका फुटलेल्या हाताची आठवण होते.

आता मी बसून आहे. काम नाही, धक्का नाही, वारासुद्धा नाही. मला हेच हवं होतं. आठ मुलांचा घोळका आला आणि करड्या दगडाची घरघर सुरू झाली की क्वचित वाटतं, खुंट्याला कुणीतरी हात घालावा. मग ते जातं. मी फार दमलो आहे.

परवा एक लहान मुलगी काचेला नाक लावून माझ्या रेघा मोजत होती.

"सातच आहेत. लिहिलंय आठ."

"आठवी इथं आहे," हेस्टर म्हणाली आणि तिने बरणीवर बोट ठेवलं. "थोडीशी. बाकीची चिमण्यांनी नेली."

मुलगी बराच वेळ त्या चमचाभर काळ्या भुकटीकडे बघत राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना हात लावू नका, असं मी म्हणणार नाही. हात लागले नसते तर मी आजही खाणीतच असतो. पण जे रोज तुमच्या कामी येतं, मग तो दगड असो की माणूस, त्याच्या रेघा अधूनमधून मोजत जा. सगळ्या आहेत ना, एवढंच बघा. आणि शेवटच्या, उथळ रेघेपासून सुरुवात करा.